धिप्पाडरावाची हजेरी

आमच्या खेळात मरायचं असेल तर आधी हजर राहावं लागायचं. जो हजर नाही तो मरू शकत नाही. मग त्याच्यावर दरड कोसळो, राक्षस बसो, नाहीतर तो उकळत्या तेलात पडो. हा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता. तो आम्ही डोंबिवलीत, विनूच्या तळमजल्यावरच्या गॅलरीत, भांडून भांडून केला होता आणि त्याचा आम्हाला केवढा अभिमान होता म्हणून सांगू! हल्ली मी घोडबंदर रोडला राहतो. आमच्या इमारतीखालच्या कॉफीच्या दुकानात शनिवारी काही मुलंमुली असाच खेळ मांडून बसतात. त्यांच्याकडे काचेसारखे चमकणारे, नाना बाजूंचे फासे असतात, रंगवलेले इवले इवले राक्षस असतात. एकदा न राहवून मी वाकून विचारलं, "काय हो, तुमच्यात गैरहजर माणूस मरतो का?" एक मुलगी गोड हसून म्हणाली, "डिपेंड्स, अंकल. आमचे हाऊस रूल्स आहेत." हाऊस रूल्स! आमच्याकडे त्याला शब्दच नव्हता. आम्ही नुसतं "आमच्यात असं असतं" म्हणायचो. एखादी बाई आमटीत गूळ घालताना म्हणते ना, तसं.

खेळ आला विनूच्या मामाकडून. मामा बोटीवर नोकरीला होता. कुठल्याशा परदेशी बंदरात जुन्या सामानात त्याला एक खोका दिसला, वर आग ओकणारा ड्रॅगन, आणि भाच्याला गंमत म्हणून त्याने तो उचलला. आत एक पुस्तक होतं. फासे आधीच्या मालकाने हरवलेले. पुस्तकावर कधीतरी पाणी सांडलं होतं आणि मागची निम्मी पानं चिकटून त्यांची वीट झाली होती. विनूच्या धाकट्या बहिणीने, मंजूने, ती वीट भाताच्या वाफेवर धरून बघितली, तर हातात लगदा आला आणि भाताला शाईचा वास. म्हणजे पात्र जन्माला कसं घालायचं, त्याने खांद्यावर काय काय न्यायचं, तलवार कशी चालवायची, एवढं आम्हाला कळलं. पात्र मेल्यावर काय करायचं ते त्या विटेत राहिलं.

तर एकजण सूत्रधार व्हायचा. तो सांगायचा, समोर गुहा आहे, आतून घुरघुर ऐकू येते आहे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवणार. सूत्रधार अर्थात मी. यावर चर्चा झाली नाही, कारण घुरघुर फक्त मलाच काढता यायची. गणपतीतल्या नाटकांत वाघापासून व्याह्यापर्यंत सगळं मी केलं होतं. राक्षस मेला की मी गॅलरीत असा काही कोसळायचो की वरच्या मजल्यावरून माझी आई ओरडायची, "शेखर, शर्ट कोण धुणार?" फाशांऐवजी कवड्या होत्या. त्या बाळाने आणल्या, त्याच्या आजीच्या पेटीतून. जितक्या उताण्या पडतील तितकं यश. आणि जीव म्हणजे चिंचोके. प्रत्येकाने आपला जीव वाटीत घालून समोर ठेवायचा, सगळ्यांना दिसेल असा. मार बसला की चिंचोका जायचा. वाटी रिकामी झाली की खेळ खलास.

बाळा आमच्या कॉलेजातला, ठाण्याजवळ बाळकुमच्या कोळीवाड्यात राहणारा. तो मांत्रिक झाला होता आणि त्याचे सगळे मंत्र खाडीतल्या मासळीचे होते. डोळे मिटून, हात उंच करून तो गर्जायचा, "जिताडा! चिंबोरी! निवटी! कोलिम कोलिम फट्!" विनूच्या घरी मासळी चालत नसे. स्वयंपाकघरातून विनूची आई, आमच्या काकू, म्हणायच्या, "बाळकृष्णा, अरे सोवळ्याच्या मटकीसमोर काय बोलतोयस!" आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. मंजूने चोरटी घेतली होती, सुरी नावाची. आणि विनूचा होता धिप्पाडराव डोंगरे. भिंतीएवढा उंच, रेड्याची मान, डोंगर चढताना शीळ घालणारा. विनूला स्वतःला आमच्या घरी यायचे दोन जिने चढवत नसत. लहानपणी सांधेतापात त्याच्या हृदयाची झडप बिघडली होती. दर महिन्याला पेनिसिलीनचं ते दुष्ट इंजेक्शन, ओठांवर कायम जराशी निळाई, आणि बोलताना वाक्याच्या मध्येच दम घ्यायला थांबणं. त्या थांबण्याचा तो असा वापर करायचा की आम्ही श्वास रोखून बसायचो. "धिप्पाडराव दार..." मग मोठा श्वास. "...उपटतो." माझ्याहून मोठा नट होता तो, मी ते कधी कबूल केलं नाही एवढंच.

शुक्रवारी डोंबिवलीत दिवसभर लाइट नसायची, आणि म्हणून शुक्रवार आमचा. पंखे बंद, रेडिओ बंद, पिठाची गिरणी बंद. त्या शांततेत लांबून कुणाची तरी हापशी ऐकू यायची, कुणाच्या पाट्यावर चटणी वाटल्याचा आवाज, आणि वारा फिरला की एमआयडीसीतल्या कारखान्यांचा आंबूस वास यायचा. तोच वास मी राक्षसांच्या श्वासाला वापरायचो. काकू मटकीची उसळ दोन पातेल्यांत करायच्या. मोठं पातेलं सगळ्यांचं, लहान पातेलं बिनमिठाचं, विनूचं. त्याच्या ताटात लिंबाची फोड जास्त असायची, आलं जास्त असायचं, खोबरं जास्त असायचं. मीठ सोडून जे जे जास्त घालता येईल ते सगळं. तो एक घास घेऊन घोषणा करायचा, "आज विशेष अळणी!" काकू त्याच्या डोक्यात टपली मारायच्या. काका, म्हणजे विनूचे वडील, एका कारखान्यात हिशेब बघायचे. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असायची म्हणून ते घरीच, खुर्चीत पेपर वाचत. त्यांनी खेळात कधी भाग घेतला नाही, पण एखादं पात्र संकटात सापडलं की त्यांचं पान उलटायचं थांबायचं.

आता तो नियम. एका शुक्रवारी बाळाकडे चुलतबहिणीची हळद होती, तो आला नाही. आम्ही आपले खेळलो. दलदलीतून जाताना मगर आली, कवड्या सगळ्या पालथ्या पडल्या आणि मांत्रिकाला मगरीने खाल्लं. पुढच्या शुक्रवारी बाळा आला, हातात हळदीचे लाडू. त्याला बातमी दिली. त्याने लाडूंचा डबा मागे घेतला.

"म्हंजे मी तिकडं हलदीत नाचतंय आन तुम्ही हिकडं मला मगरीला घातला?"

"कवड्यांनी घातलं," मी म्हटलं.

"कवड्या कुनाच्या? माज्या आजीच्या! माज्या आजीच्या कवड्यांनी मलाच मारलाव?"

विनू पोट धरून हसत होता आणि हसताना दम लागून भिंतीला टेकला होता. तोच म्हणाला, "शेख्या, बरोबर आहे त्याचं. माणूस मरणार तर निदान... त्याला माहीत तरी हवं. आपल्यात नसेल तो मरत नाही." झालं. मगरीने मांत्रिक परत दिला, लाडूंचा डबा उघडला. तेव्हापासून खेळ सुरू होण्याआधी मी शाळेतल्या मास्तरांसारखी हजेरी घ्यायचो आणि प्रत्येकाने आपल्या पात्रासाठी "हजर" म्हणायचं.

नियम केला की पळवाट आलीच. मंजू ऐन लढाईत संडासला पळायची आणि आतून ओरडायची, "मी गैरहजर!" म्हणून पोटनियम: इमारतीच्या बाहेर असेल तोच गैरहजर. मग आमच्या लक्षात आलं की जो मरत नाही त्याच्याकडे दिलेलं सामानही हरवत नाही. दुसरा पोटनियम: गैरहजर माणसाने ओझं वाहायचं. त्या दिवशी जो आला नसेल त्याच्या पात्राच्या पाठीवर तंबू, दोर, कंदील, पिठाची पोती, चोरलेला माल, सगळं लादायचं आणि त्यालाच पुढे करायचं. त्याला काही होत नाही, आपण मागून सुखरूप. लोक हजेरी टाळतात, आम्ही गैरहजेरी टाळायला लागलो, कारण परत येऊन बघावं तर आपला शूर वीर हमाल झालेला.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला विनूचा दम फारच वाढला. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्याला दाखल केलं, झडप बदलायची ठरली. तपासण्या, तारखा, पुन्हा तपासण्या. धिप्पाडराव सलग गैरहजर राहू लागला आणि आम्ही नियमाप्रमाणे सगळं त्याच्या पाठीवर टाकलं. आमची अशी चलती कधीच झाली नव्हती. न मरणारा, न दमणारा माणूस पुढे, आम्ही त्याच्या सावलीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मंजू आणि मी त्याला भेटायला गेलो. गाऊनमध्ये तो अगदीच लहान दिसत होता.

"काय म्हणतोय धिप्पाडराव?"

"चालतोय. खिंडीपर्यंत पोचलाय. तूच पुढे आहेस. गुहा आली की आधी तुला आत ढकलतो."

तो खूश झाला. "म्हणजे परत यायची घाई नको करायला. आलो की मरायला लागेन."

"गप रे दादा," मंजू म्हणाली.

त्याने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "मंजू, ओझं फार झालं तर उतरवा हं. माणूस आहे तो." मला वाटलं, तो आणखी काहीतरी विनोद करणार. पण तेवढ्यात भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली.

ऑपरेशन झालं, झडप बसली असंही सांगितलं. त्यानंतर त्याला अतिदक्षता विभागात ठेवलं आणि तिथे घरच्यांना आत सोडत नव्हते. काका-काकू बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी काकांना बाजूला घेतलं. काकूंना आत नेलं ते सगळं झाल्यावर, फक्त चेहरा दाखवायला. एवढंच मला माहीत आहे, आणि त्यांनाही एवढंच माहीत होतं. इतक्या वर्षांत मी हजार गोष्टी रंगवून सांगितल्या, पण त्या बंद दाराच्या आत मी अजून गेलो नाही.

काकू रडल्या नाहीत. बायका यायच्या, त्यांना रडवायचा प्रयत्न करून जायच्या. त्या पाहुण्यांना पाणी द्यायच्या, चादरींच्या घड्या घालायच्या. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि मंजूने मला जिन्यात गाठून सांगितलं की आई अजून लहान पातेल्यात उसळ करते. कुणी विचारलं तर म्हणते, विनूला मीठ चालत नाही. ती उसळ काका खातात. लिंबू न पिळता, पातेलं रिकामं होईपर्यंत.

"आणि तो उभा आहे रे," मंजू म्हणाली.

"कोण?"

"धिप्पाडराव. त्या खिंडीत. पाठीवर सगळ्यांचं सामान घेऊन. त्याला बससुद्धा म्हटलं नाही आपण."

शुक्रवारी तिने आम्हाला बोलावलं. बाळा बाळकुमहून आला, दारातच चपला काढून कितीतरी वेळ त्या नीट लावत बसला. काका खुर्चीत होते, पेपरची घडी मोडलेली नव्हती. काकू आत निवडत बसल्या होत्या. सुपाचा आवाज येत होता. आम्ही गॅलरीत मांडी घालून बसलो आणि कुणी कवड्यांना हात लावेना.

"विमान आनू," बाळा हळूच म्हणाला. "सोन्याचं. त्याला वर घेऊन जाईल."

"नको. आपल्यात विमान नाही," मंजू म्हणाली.

मी म्हटलं, "गावी पाठवू. लढाया पुरे. शेती करेल, शीळ घालेल."

"आणि आपण मोठे होऊ, म्हातारे होऊ, आणि तो शेती करत बसेल? एकटा?" तिचा आवाज चढला, मग तिने स्वयंपाकघराकडे बघून तो खाली आणला. "इथे आधीच एकजण त्याच्यासाठी पातेलं चढवतंय, शेखर. मला तिकडे पण तेच नकोय. मला त्याला नीट... तू हजेरी घे."

मी घेतली. माझा आवाज, ज्याचा मला एवढा गर्व, तो कुठल्या कुठे गेला होता. सुरी. "हजर." मांत्रिक. "हजर." धिप्पाडराव. मंजूने विनूची वाटी समोर ओढली, तीत चिंचोके घातले, आणि भावाच्या वतीने म्हणाली, "हजर."

म्हणजे आता तो मरू शकत होता. बाळाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आधी ओझं उतरवा," मंजू म्हणाली. आम्ही उतरवलं. एकेक वस्तू, नाव घेऊन. तंबू बाळाने घेतला, कंदील बाळाने घेतला, चोरलेला माल सुरीने स्वतःच्या कमरेला बांधला. पिठाची पोती दोघांनी वाटून घेतली. राहिला नुसता दोर. मग मी गोष्ट पुढे नेली, कारण ते माझं काम होतं. खिंडीच्या पलीकडे दरी. दरीवर झुलता पूल. पुलाचा अलीकडचा दोर खांबातून सुटत चाललेला. दोघं पलीकडे जाईपर्यंत कुणीतरी आपला दोर त्याला बांधून धरून ठेवायला हवा.

"धिप्पाडराव धरतो," मंजू म्हणाली, आणि कवड्या टाकल्या.

कवड्या उताण्या पडल्या. सुरी पुलावर चढली. वरून दगड आले, एक सोडून धिप्पाडरावाच्या वाटीतले सगळे चिंचोके गेले, पुन्हा कवड्या उताण्या. गिधाडं आली, बाळाने घसा साफ करून "जिताडा! चिंबोरी!" केलं, आधी दबक्या आवाजात, मग पूर्ण खाडीला ऐकू जाईल असं. गिधाडं पळाली. मी वादळ आणलं. कवड्या उताण्या. मी वीज पाडली. उताण्या! बाळा म्हणाला, "मरंना की हा!" आणि मंजू म्हणाली, "एवढी वर्षं पेनिसिलीन टोचून घेतलंय त्याने, असातसा मरतोय होय!" आणि आम्ही हसलो. तोंड दाबून नाही, विनू असताना हसायचो तसे, एकमेकांच्या अंगावर पडून. मंजूच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. सुपाचा आवाज थांबलेला आम्हाला कळलाही नाही. सुरी पलीकडे पोचली, मागोमाग मांत्रिक पोचला. मग मंजूने पुन्हा कवड्या टाकल्या आणि त्या एकजात पालथ्या पडल्या. वाटीत एकच चिंचोका उरला होता. मी हात पुढे केला नाही. तो तिने स्वतः उचलला आणि मुठीत धरला.

काकू दारात उभ्या होत्या. "काय झालं? कशाला हसताय?"

मंजूने मूठ घट्ट केली. मग मंजू म्हणाली, "आई, धिप्पाडराव गेला."

धिप्पाडराव कोण, हे काकूंना सांगावं लागणार नव्हतं. त्याचं नाव त्यांनी दर शुक्रवारी कणीक मळताना ऐकलं होतं. त्या दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या, आणि मला विचारलं, "कसा?"

मी सांगितलं. दरी सांगितली, पूल सांगितला, दगड, वादळ, वीज. माझ्या मागे पेपर खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी संपवल्यावर त्यांनी विचारलं, "एकटा होता का रे तो?"

"नाय काकू," माझ्याआधी बाळा बोलला. "आमी होतो ना. पलीकडं होतो, पन त्याला दिसत होतो. मी हात करत होतो त्याला. मंजू पन."

काकूंनी त्याच्याकडे बघितलं, मग मंजूच्या मिटलेल्या मुठीकडे. "आणि दोर?"

"शेवटपर्यंत सोडला नाही, काकू," मी म्हणालो. "उजव्या हाताला गुंडाळून घेतला होता त्याने, असा."

"डाव्या," काकू म्हणाल्या. "विनू डावखुरा होता." त्यांचा चेहरा एकदम मोडला, काका खुर्चीतून उठून त्यांच्याजवळ जमिनीवर येऊन बसले आणि त्यांनी काकूंच्या पाठीवर हात ठेवला. काकू रडत होत्या आणि रडता रडता मला हाताने खूण करत होत्या, थांबू नकोस. "पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग."

मी दोर धिप्पाडरावाच्या डाव्या हातात दिला आणि दरीपासून पुन्हा सुरुवात केली.